हॉलमधली हिरवळ

ओजस ती भलीमोठी गुंडाळी घेऊन आला तेव्हा मी त्याला दारातच अडवलं. "हे काय आणलंस? मामाला धड दोन पावलं टाकता येत नाहीत, आणि तू त्याला हॉलमध्ये गोल्फ खेळवणार?"

"मामी, आधी आत तर येऊ दे!"

गुंडाळी त्याच्या खांद्यावर, मागे टोक धरून दोन माणसं, समोरच्या फ्लॅटमधली मंडळी दार किलकिलं करून बघतायत. आत घेणं भागच पडलं.

ओजस माझ्या नणंदेचा मुलगा. घरात अंथरायची ग्रीन बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीच्या नाशिकच्या ऑफिसात इंजिनिअर. ग्रीन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. मलाही लग्नाआधी गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू लांब लांब टोलवत नेऊन शेवटी ज्या भोकात घालायचा असतो, त्या भोकाभोवतीचं गालिच्यासारखं कापलेलं गवत म्हणजे ग्रीन. तिथे चेंडू टोलवायचा नसतो, हलकेच ढकलायचा असतो. त्याला पट म्हणतात. माझा नवरा धनंजय या पटमध्ये क्लबात सगळ्यांना भारी होता. भोकाभोवती मांजरासारखा फिरायचा, वाकून उतार बघायचा, आणि असा काही ढकलायचा चेंडू की तो निमूटपणे आत. घरात मात्र पाण्याची बाटली भरून ठेवताना सांडायचा, ते सोडा.

मग त्याला कंपवात झाला. आधी उजवा हात थरथरायला लागला, मग पाय. पाय थरथरत नसत, चिकटत. चालता चालता मध्येच उभा राही आणि पुढचं पाऊल उचलेचना. दारात, वळणावर, बाथरूमच्या उंबऱ्यापाशी. मी पुढून दोन्ही हात धरून ओढायची आणि तो कसनुसा हसायचा. सुरुवातीला हसायचा. पुढे या आजारात चेहऱ्याचे स्नायूच हलेनासे होतात, तेव्हा तेही गेलं.

तर ओजसने हॉलमध्ये ती हिरवळ पसरली. खाली काळं रबरासारखं काहीतरी, वर आखूड गवत, एका टोकाला भोक. "मामा, पुस्तिकेत लिहिलंय, गोल्फचे बूट घालून उभं राहायचं. आणि एका वेळी फार तर अर्धा तास."

"बूट? घरात?" माझा पारा चढला. "समोर देव्हारा आहे माझा. चपला-बूट दाराबाहेर. हिरवळ असो नाहीतर काश्मीरचा गालिचा असो."

ओजसने हात टेकले. धनंजय अनवाणीच त्यावर उभा राहिला. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरलेलं. ओजसने त्याच्या हातात पटर दिला, पट मारायची ती काठी. आणि अहो, खरं सांगते, हात थांबला. पूर्ण नाही, पण थांबला. चेंडू गेला, भोकाला घासून बाहेर पडला. धनंजय म्हणाला, "अरेरे!" आणि चेंडू आणायला चालत गेला. आपण काय करतोय हे त्याच्या लक्षातच नव्हतं. पाऊल उचललं, टेकवलं, उचललं, टेकवलं. चेंडू उचलून तो वळला तेव्हा मी सोफ्यावर बसून ढसाढसा रडत होते, आणि ओजस वेड्यासारखा माझ्याकडे बघत होता.

त्या दिवशी जेवताना त्याने मला समजावलं. त्या गवताखाली मुंगीएवढ्या हजारो पिशव्या असतात. वीज दिली की फुगतात, कडक होतात. काढली की मऊ. मूळ कल्पना अशी की जगातल्या कुठल्याही प्रसिद्ध ग्रीनचे चढउतार घरच्या घरी तयार करता यावेत. पण पिशव्यांना दाबही कळतो. आपण स्थिर उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण माणूस कधीच स्थिर नसतो. सारखा पुढेमागे डुलत असतो आणि घोटे ते सावरत असतात. पट चुकतो तो बरेचदा हातामुळे नाही, या डुलण्यामुळे. म्हणून कंपनीने एक सोय घातली. तळवा कुठे कलतोय हे हिरवळीला आधी कळतं, आणि तुम्ही कलायच्या आत ती तिथे केसभर वर येते.

"आणि मामाचे पाय?" मी विचारलं.

"ते आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं. कंपवातात पाऊल उचलायचा हुकूम मेंदूत अडकतो. जमिनीवर आडव्या रेघा मारल्या तर काही पेशंट रेघ ओलांडत चालतात, माहितीये तुला? बाहेरून खूण मिळाली की हुकूम सुटतो. ही हिरवळ तळव्याला तशीच खूण देतेय, असं दिसतंय. बुटातून ती इतकी जोरात पोचली नसती. अनवाणी असल्यामुळे थेट पोचतेय."

"बघ! आणि म्हणे बूट घाला."

मी कशाला थांबते? महिन्याभरात आमच्या घरात टाइल दिसेनाशी झाली. हॉलपासून बेडरूम, बाथरूमपर्यंतचा बोळ, स्वयंपाकघर, सगळीकडे हिरवळ. ओजस थोडा कुरकुरला, कंपनीला असं चालणार नाही म्हणाला, पण मामा स्वतः उठून दार उघडतोय म्हटल्यावर तोही विरघळला. मी आणि धनंजय कॉलेजात एका वर्गात होतो, त्यामुळे अहो-जाहो आमच्यात कधी आलंच नाही. पण त्या वर्षात मी नव्या नवरीसारखी धनंजयच्या मागेमागे फिरत होते. तो दुपारी ओट्याशी उभा राहून कोथिंबीर निवडायचा. मी म्हणायची, "देठं किती ठेवलीस!" आणि मनात म्हणायची, ठेव बाबा, हवी तेवढी ठेव.

बाहेर पडलं की मला जरा गरगरायचं. भाजीवाल्याच्या गाडीला धरून उभी राहायची मी. रिक्षातून उतरले की दोन क्षण दांडा सोडवत नसे. बीपी असेल, वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. हळूहळू भाजी घरी मागवायला लागले, किराणा तर सगळेच मागवतात. घरात पाऊल टाकलं की एकदम बरं वाटायचं. घर ते घर, असं म्हणून मी खूश होते.

क्लबात ज्येष्ठांची पटची स्पर्धा होती. धनंजयच्या मित्रांनी खास बोलावलं. घरात इतका झकास चालणारा माणूस, आता ग्रीनवर उभा राहील की! मी इस्त्रीचा टी-शर्ट काढून दिला. गाडीतून व्हीलचेअर, व्हीलचेअरवरून ग्रीनच्या कडेपर्यंत, मी मागचा दांडा घट्ट धरून. मग मित्रांनी त्याला उभं केलं आणि टाळ्या वाजवून बाजूला झाले. मी कडेच्या बाकावर बसून फोटो काढत होते.

धनंजयने पटर टेकवला आणि माझ्याकडे बघितलं. "मृदुला, हे हलतंय गं."

ते हलत नव्हतं. साधं खरं गवत होतं ते, रोज कापलेलं, मेल्यासारखं गप्प. धनंजय मात्र झाड पडावं तसा आडवा झाला. मी किंचाळून बाकावरून उठले आणि धावले. म्हणजे धावायला गेले. दुसऱ्याच पावलाला ग्रीन माझ्या अंगावर आलं. उजवीकडे आभाळ, डावीकडे गवत, नाकात माती. उठायला गेले, परत पडले. परत उठले, परत पडले. लोक धावत आले आणि कुणाला आधी उचलावं तेच त्यांना कळेना. मी हाताने गवत घट्ट धरून ठेवलं होतं. सोडलं तर खाली कुठेतरी पडेन असं वाटत होतं. अगं बाई, जमिनीवरच तर पडले होते, आणखी खाली कुठे जाणार?

डॉक्टर सानप मेंदूच्या डॉक्टर. तरुण आहेत, पण मुद्द्याचं बोलतात. सगळ्या तपासण्या झाल्यावर त्यांनी आम्हाला समोर बसवलं. ओजसही होता, तोंड पाडून.

"तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून बातमी घेतो," त्या म्हणाल्या. "डोळे, आतला कान आणि तळपाय. त्यावरून तो घोट्यांना, गुडघ्यांना सतत सूचना देत असतो. पण मेंदू फार काटकसरी आहे. एखादं काम परस्पर होतंय असं दिसलं की तो ते करायचं सोडून देतो. तुमच्या घरात तोल सांभाळायचं काम जमीन करत होती. दिवसभर, वर्षभर. मेंदूने ते खातंच बंद केलं. ती जमीन सोडून बाहेर पडलं की घोट्यांना सांगणारं कुणी नाही."

"पण मला काही आजार नव्हता! मी धडधाकट होते."

"म्हणूनच तुम्ही सावराल. कंपनीने चाचण्या घेतल्या त्या बूट घालून, अर्धा तास. तिकडे परदेशात घरातही बूट घालतात. तुम्ही अनवाणी, दिवसभर. तळव्याच्या कातडीत सगळ्यात जास्त संवेदना असतात. बूट घातले असते तर..."

"डॉक्टर, तुम्ही तुमच्या घरात बूट घालून फिरता का हो?"

त्यांनी समोरची फाइल मिटली.

"तुम्ही त्या हिरवळीवर एकही पाऊल टाकायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकही. मेंदूला सोपी वाट दिसली की तो तिकडेच पळणार. काही महिने हाल होतील, उलट्या होतील, रांगावं लागेल. पण चालाल. उशीर केलात तर मात्र खात्री नाही."

"आणि हा?"

त्यांनी धनंजयकडे बघून सरळ सांगितलं. आजार आतून पुढे गेलाय. हिरवळीमुळे तो दिसला नाही एवढंच. हिरवळ काढली तर ते पुन्हा उभे राहणार नाहीत.

"मग प्रश्नच मिटला," मी म्हणाले. "काढायची नाही."

ओजसने नाना उपाय काढले. मी बहिणीकडे सिन्नरला जावं आणि मामासाठी दिवसभराचा माणूस ठेवावा. ठेवला. मलाही तयारी करायला आठवडा हवा होता. त्या माणसाला बूट घालायला लावले, देव्हाऱ्यावर पडदा टाकला, हेही केलं. तर पायाखालचं हलणं धड कळेना आणि थांबेना, त्याला दुपारपर्यंत ओकाऱ्या. पळून गेला बिचारा. मग एक बाई आली, तिचंही तेच. मग मी सांगून टाकलं, मला कुठे मॅरेथॉन धावायचीय? मी घरातच राहीन. दोघंही घरातच राहू. घरात तर चालतोय ना आपण!

मधल्या काळात कंपनीकडे जगभरातून तक्रारी गेल्या. त्यांनी सगळा माल बंद केला आणि प्रत्येक घरच्या हिरवळीला इंटरनेटवरून एक नवीन सोय पाठवली. भिंतीवर तिची जी काचेची चौकोनी पट्टी असते, तिच्यावर लाल बटण उगवलं. दाबलं की हिरवळ कायमची बंद. पुन्हा सुरू होणे नाही. कंपनीची सगळ्यांना कळकळीची विनंती की दाबा. मी त्या पट्टीवर कॅलेंडर टांगलं. धनंजयने ते बघितलं. तो आता फार बोलत नसे, आवाज बारीक झाला होता.

एका दुपारी मी दूध तापत ठेवलं होतं आणि वीज गेली. नेहमी अशा वेळी हिरवळीची बॅटरी चालू होते. त्या दिवशी बॅटरीने दगा दिला. पायाखालची हिरवळ एकदम मेली, आणि कुणी सतरंजी ओढावी तशी मी पडले. हनुवटी ओट्यावर आपटली. हॉलमधून धप्पकन आवाज आला. धनंजय.

डोळे उघडले तर स्वयंपाकघर गरागरा फिरतंय. वर दूध फसफसून उतू गेलं, आच विझली. आमची जुनी शेगडी, गॅस आपोआप बंद होत नाही. वास यायला लागला. मी उठायचा प्रयत्न केला तर कुठल्या बाजूला उठायचं तेच कळेना. पोटावर सरकत ओट्याकडे गेले. म्हणजे तसं मला वाटलं, प्रत्यक्षात फ्रिजकडे गेले होते. हॉलमधून तो ओरडत होता, "मृदुला! मृदुला! बोल काहीतरी!" त्या बारीक आवाजात जेवढं ओरडता येईल तेवढं. मी ओ देऊ शकत नव्हते, तोंड उघडलं की उलटी येत होती. शेवटी डोळे घट्ट मिटले, ओट्याखालच्या कप्प्यांच्या मुठी चाचपल्या, एक एक धरून वर सरकले आणि खटका फिरवला. मग तिथेच कोसळले.

वीज आली तशी हिरवळ जागी झाली. माझ्या पाठीला तिने हळूच वर ढकललं. मी उठून बसले. उभी राहिले. तोल एकदम ठीक. हॉलमध्ये गेले तर धनंजयही भिंतीला धरून उठत होता, ओठ फुटलेला.

"तू मेली असतीस," तो म्हणाला.

"नाही ना मेले?"

"मी इथून तिथे येऊ शकलो नाही, मृदुला. आठ पावलंसुद्धा नाहीत."

"नवीन बॅटरी आणवते उद्या. दोन आणवते."

"तू सिन्नरला जा."

"आणि तुला इथे कोण बघणार? ती भिंत? जा म्हणे! एवढा चालतोयस तो बघवत नाही का तुला?" मी खूप बोलले. बोलायला लागले की मला आवरत नाही. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, हे मी विसरते कधी कधी.

दोन दिवसांनी ओजस आला. मला वाटलं बॅटरी घेऊन आला. हात रिकामे, डोळे लाल. दाराजवळच चपला काढून तो टाचा भिंतीला लावून उभा राहिला, पुढे येईना.

"काय रे? बॅटरी कुठाय?"

"मृदुला, जरा बस," धनंजय म्हणाला. "वेताच्या खुर्चीत बस. सोफ्यावर नको, खुर्चीला हात आहेत धरायला."

"कशाला? पट मारून दाखवणारेस की काय?" पण मी बसले.

धनंजय हॉलमधून चालत गेला. इतका सुंदर चालला, पाठ ताठ, पावलं सारखी. क्लबात ग्रीनभोवती फिरायचा तसाच. मी बघतच राहिले. तो भिंतीपाशी पोचला आणि त्याने कॅलेंडर काढून बाजूला ठेवलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"धनंजय! हात लावू नकोस! शपथ आहे माझी! ओजस, बघतोस काय मेल्या, धर त्याला!" मी खुर्चीतून उठायला लागले.

"उठू नकोस," तो म्हणाला. एवढा मोठा आवाज मी कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. "उभी असलीस तर पडशील."

आणि त्याने बटण दाबलं.

काहीच आवाज झाला नाही. धनंजय भिंतीला पाठ लावून उभा होता. क्षणभर वाटलं, राहील, उभा राहील. मग उजवा हात थरथरायला लागला, गुडघे दुमडले आणि तो भिंतीवरून घसरत खाली आला. मी खुर्चीचे हात गच्च धरून बसले होते. माझ्यासमोर माझा नवरा पडत होता आणि मला उठता येत नव्हतं. मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. हलकट म्हणाले, दुष्ट म्हणाले, तुला कुणी विचारलं होतं, कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला! ओजस रडत रडत त्याच्याकडे धावला.

"मला राहू दे," धनंजय त्याला म्हणाला. "आधी मामीला सिन्नरला पोचव."

ओजसच्या माणसांनी हिरवळ उचलून नेली. सिन्नरला बहिणीच्या घरी मी लहान मुलासारखी रांगले, बादली उशाशी घेऊन झोपले, भिंत धरून उभी राहिले, पडले, परत राहिले. त्या सगळ्या दिवसांत मी धनंजयशी फोनवर बोलले नाही. बोलायचंच नव्हतं मला. साध्या टाइलवर आता त्याच्याकडे माणूस टिकत होता. तो माणूसच रोज फोन करून सांगायचा, काका विचारतायत, ताई आज किती पावलं चालल्या.

मी घरी परत आले ती माझ्या पायांनी. रिक्षातून उतरून, फाटकापासून दारापर्यंत, कुणालाही न धरता. धनंजय पलंगावर होता. कूस बदलायलाही आता त्याला माणूस लागतो. मी दारात उभी राहिले, आणि मनात जे जे ठरवून आले होते, हे बोलेन, ते सुनावेन, त्यातलं एक अक्षर आठवेना. तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. माझ्या पायांकडे बघत होता.

"ये," तो म्हणाला. "हळू नको. नेहमीसारखी ये."

मी गेले.